मेव्हण्याचं पडीक शेत

मे महिन्यातल्या एका दुपारी, भरल्या पंचायतीत, मी माझ्या सख्ख्या मेव्हण्याच्या भातशेतीला पडीक म्हणालो. नुसतं म्हणून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण हातात तो लाल ठिपका पाडणारा पेन होता, आणि असा पेन हातात आला की माणसाला उगाच आपण शहाणे आहोत असं वाटायला लागतं. भिंतीवर पाडलेल्या नकाशावर मी तो ठिपका गोल गोल फिरवला आणि समोर बसलेल्या कमिटीच्या साहेबांना समजावून सांगितलं, की हा जो पिवळा भाग दिसतोय तो सध्या कुणाच्या वापरात नाही, पडीकच आहे म्हणा ना, आणि शहर या बाजूला सरकणारच असेल तर घरं बांधायला याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

खिडकीपाशी माझा मेव्हणा बसला होता. आमच्या हिचा थोरला भाऊ. ही त्याला अण्णा म्हणते म्हणून मीही अण्णाच म्हणतो. तो उठला नाही, आवाज चढवला नाही. मांडीवरची टोपी झटकत एवढंच म्हणाला, "पाव्हणं, मग दिवाळीला न्हेलेला तांदूळ कुठल्या शेतातला हुता?"

पंचायत हसली. साहेबांना मराठी कळायची, पण इतक्या वेगानं नाही. शेजारच्या क्लार्कनं ते त्यांना कन्नडमध्ये सांगितलं, मग साहेब हसले, आणि साहेब हसले म्हणून क्लार्क पुन्हा एकदा हसला. अशी माझी फजिती आधी मराठीत झाली आणि मग कन्नडमध्ये. सरकारी काम आमच्याकडं दोन्ही भाषांत करावं लागतं.

चूक कशी झाली ते सांगतो. सांगितल्यानं ती लहान होत नाही, पण सांगायची सवय आहे. मी बेळगावातल्या एका लहानशा खाजगी ऑफिसात नकाशे करतो. साहेबांच्या कमिटीला पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करायचा होता. पाऊस आता पूर्वीसारखा पडत नाही. महिनाभराचा चार दिवसांत पडून जातो आणि मग महिनाभर फिरकत नाही. शहर एका बाजूला उद्यमबागेच्या कारखान्यांपलीकडं गेलंय, दुसऱ्या बाजूला येळ्ळूरच्या वाटेनं शेतं गिळत चाललंय. अशा वेळी कुठली जमीन शेतीला ठेवायची, कुठं घरांना परवानगी द्यायची, पाण्याला जागा कुठं सोडायची, हे ठरवायला कमिटीला मदत करणं हे आमच्या ऑफिसचं काम. मदत म्हणजे काय, तर रंग द्यायचे. हिरवं म्हणजे शेती. पिवळं म्हणजे घरांना योग्य. निळं म्हणजे पाण्याची जागा, तिथं कुणी काही नवीन बांधायचं नाही. नकाशावरची नावं कन्नडमध्ये असतात, खालच्या टिपा इंग्रजीत, आणि बघणारे निम्मे मराठी वाचणारे. त्यामुळं शेवटी सगळे रंगावरच बोलतात. "आमचं पिवळं का न्हाय?" असं विचारतात. "आमचं निळं का केलंसा?" असंही विचारतात. हिरव्याबद्दल कुणी काही विचारत नाही.

पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी मी हेच काम ट्रेसिंग पेपरवर शाईनं करायचो. तेव्हा चूक झाली की ब्लेडनं खरवडून काढावी लागायची, कागदाला भोक पडायचं, म्हणून माणूस हात जपून चालवायचा. आता चूक एका बटणात होते आणि एका बटणात जाते. त्यामुळं मोजदाद राहत नाही. शिवाय त्या वर्षी मी थकलो होतो. निपाणीच्या बाजूची नऊ गावं नुकती उरकली होती. सकाळच्या बसनं जायचं, तंबाखूच्या वखारींच्या वासात दिवस काढायचा, शिंका देत परत यायचं. त्यात कमिटीचे साहेब दोनदा बदलले. नवे साहेब आले की हिरवं म्हणजे काय इथपासून सुरुवात. हे तिसरे. तिसऱ्यांदा तेच सांगताना माणूस बघत नाही, पाठ केलेलं म्हणतो.

आणि आमच्या कॉम्प्युटरनं जो वरनं काढलेला फोटो वापरला तो होता एप्रिल अखेरचा. आमच्या भागात भात निघालं की त्याच ओलीवर मसूर टाकतात, वाटाणा टाकतात. तेही मार्चपर्यंत घरात येतं. एप्रिलात शेत मोकळं. भेगाळलेलं, तपकिरी, बांधावर एखादी म्हैस. वरनं बघणाऱ्याला वाटणार की ही जमीन कुणाचीच नाही. कॉम्प्युटरला दिवाळीला कुणी तांदूळ देत नाही, त्याला माफ आहे. मला सव्वीस वर्षं मिळत आलाय.

पण मी पडलो शहापूरचा. मागावर लुगडी विणणाऱ्या घरातला. लहानपणी मी पाहिलेली सगळ्यात रुंद मोकळी जागा म्हणजे देवळापुढचा चौक. शेतात पहिल्यांदा पाय घातला तो लग्नानंतर, आणि तोही चपलेसकट. सासऱ्यांनी ती चप्पल चिखलातनं उपसून बांधावर ठेवली आणि काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत, हे आमची ही अजून लोकांना सांगते.

बैठक संपल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं. माणूस बरा होता. डोळ्यांखाली काळं, खिशात गोळ्यांचं पाकीट. त्यांनी विचारलं, पावसाळ्यात तिथं काय असतं? पाणी, मी म्हणालो. किती? मी अण्णाकडं बघितलं. अण्णानं जागेवरनंच हात मांडीवर ठेवून दाखवला. साहेबांनी तो हात बघितला, नकाशाकडं बघितलं आणि म्हणाले, जा, नीट विचारून या आणि दुरुस्त करून पंधरा दिवसांत आणा. मग म्हणाले, माझी बदली व्हायच्या आत आणा.

त्या रविवारी गेलो. चप्पल बांधावर काढली. अण्णानं ती बघितली आणि मान हलवली, म्हणजे सव्वीस वर्षांत एवढं तरी शिकलो.

दुपारभर त्यानं मला शिवार दाखवलं. प्रत्येक तुकड्याला नाव. बेडकीची पट्टी, तळ्याची पट्टी, सुनेची बुडकी. या शेवटच्या तुकड्यात कधीकाळी रोप लावता लावता एक नवी सून कमरेपर्यंत रुतली होती म्हणे, तिला चौघींनी ओढून काढली. मी वहीत लिहीत होतो. आमच्या ऑफिसातला पाण्याचा अभ्यास चाळीस पानांचा आहे, त्यात आलेख आहेत, आणि तो सगळा या तीन नावांत बसत होता, हे लक्षात आल्यावर मी लिहिणं थांबवलं आणि नुसता ऐकायला लागलो.

मग त्यानं दगड दाखवला. असा दगड मी पूर्वी शंभरदा बघितला असेल आणि बसायला वापरला असेल. प्रत्येक बांधाला एक तोंड असतं, चिखल आणि गवताचा गड्डा लावून बंद केलेलं. त्याच्या शेजारी हातभर उंचीचा एक दगड रोवलेला. पाऊस कितीही लागू दे, दगड बुडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. बुडाला तरी लगेच उघडायचं नाही. आधी सगळ्यात खालच्या शेताच्या मालकानं आपलं तोंड उघडायचं आणि वरच्याला हाक मारायची. मग त्यानं उघडायचं आणि त्याच्या वरच्याला हाक मारायची. अशी हाक खालनं वर जायची आणि पाणी वरनं खाली यायचं, दोन-दोन, तीन-तीन दिवस शेतात मुक्काम करत. खालच्याची हाक ऐकू आल्याशिवाय वरच्यानं तोंड उघडलं तर त्याच्या घरी लावणीला कुणी जात नसे. एवढाच दंड.

"मग ते पाणी जातं कुठं?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"तुमच्याकडं," अण्णा म्हणाला.

ते खरं होतं. या शेतांच्या खाली नाला आहे, नाला शहरात शिरतो, आणि शिरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर आमची गल्ली आहे. मी सोळा वर्षांपूर्वी तिथं प्लॉट घेतला तेव्हा तिथंही भातच होतं. घेताना ही म्हणाली होती की माती काळी आहे, पाय बुडतोय. मी तिला नकाशा दाखवला होता. नकाशा माझ्या हातचा होता आणि त्यात ती जागा पिवळी होती.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात आमच्या घरात पाणी आलं. वरच्या अंगाच्या तीन शेतांत मुरूम टाकून प्लॉट पाडले होते. तिथं आता ना बांध, ना दगड, ना हाक मारायला कुणी. पाण्यानं मुक्काम केलाच नाही, थेट आलं. पहाटे उठून मी पहिल्यांदा उचलला तो प्रिंटर. प्रिंटर डोक्यावर घेऊन मी जिन्यावर उभा, आणि ही स्वयंपाकघरात मांडीभर पाण्यात तांदळाचं पिंप एकटीनं कट्ट्यावर चढवतेय. गॅसचं सिलिंडर माझ्यासमोरनं सावकाश तरंगत गेलं, पाहुणा निरोप घेऊन निघावा तसं. त्या दिवसापासून तिचं एकच मागणं आहे, की एक मजला वर चढवायचा आणि स्वयंपाकघर वर न्यायचं. कट्टा कुठं, खिडकी कुठं, मसाल्याचे डबे किती उंचीवर, हे सगळं तिनं ठरवलंय. मला नुसती परवानगी आणायची आहे.

अण्णाचं शेत हे नाल्याच्या वरचं शेवटचं मोठं भातशेत. तेही मुरूम टाकून भरलं तर पाण्याला थांबायला दुसरं काही नाही. हे मला नकाशावरनं कळायला हवं होतं, ते दगडावर बसून कळलं.

परत निघताना बांधावरच तो थांबला. म्हणाला, "एक बोलतो, मनाला लावून घेऊ नका. ते पिवळं झालंय ते पिवळंच ऱ्हाऊ दे."

मला वाटलं थट्टा करतोय. म्हटलं, अण्णा, अहो तुम्हीच तर चार माणसांत मला धरलंत.

"तवा तोंडातनं गेलं. पाव्हण्याचं हसं करायची संधी कोण सोडतंय? घरी जाऊन इचार केला."

मग त्यानं विचार सांगितला. सांगताना माझ्याकडं बघत नव्हता, शेताकडं बघत होता. गुडघे गेलेत. लावणीला बायका मिळत नाहीत, दुसऱ्या गावावरनं गाडी करून आणाव्या लागतात आणि त्या येतात तेव्हा पाऊस नसतो. पोरगा उद्यमबागेत फौंड्रीत आहे. पाळी संपवून मोटारसायकलवरनं येतो, काळा होऊन येतो, आणि झोपतो. त्यानं हसत हसत सांगून टाकलंय की आप्पा, मी चिखलात उतरणार नाही. आणि उतरावं असं आता अण्णालाही वाटत नाही.

"एका वर्षी रोपं वाळली. दुसऱ्या वर्षी व्हावून गेली," तो म्हणाला. "तिसऱ्या वर्षी मी जातोय बगा. वरच्या तिघांनी इकली, ती मोकळी झाली. मी एकटा काय पाणी राखत बसू? कुणासाठनं?"

याचं उत्तर होतं. आमच्यासाठी. तुमच्या बहिणीच्या पिंपासाठी, माझ्या प्रिंटरसाठी. पण गुडघे गेलेल्या माणसाला बांधावर उभं करून हे सांगणं मला जमलं नाही. मी म्हणालो, बघतो. बघतो हा शब्द मी सरकारी ऑफिसांत शिकलोय, फार उपयोगाचा आहे.

"बघायचं काय त्यात," अण्णा म्हणाला. "तुमास्नी एक बटण तेवढं दाबायचं न्हाय. एवढंच मागतोय."

घरी आलो तेव्हा ही मसूर निवडत बसली होती. त्याच शेतातला. मी सगळं सांगितलं. दगड, हाक, गुडघे, फौंड्री, बटण. ती ऐकत होती आणि बोटानं खडे बाजूला सारत होती. सांगून झाल्यावर तिनं विचारलं, चहा दिला का न्हाय त्यानं? दिला म्हटलं. मग ताट उचलून आत गेली.

पुढचे दहा दिवस मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. फाइल उघडायची, बघायची, बंद करायची. कीबोर्ड उलटा करून झटकला. जुन्या फाइलींची नावं नीट लावली. निपाणीकडच्या नकाशात एका ओढ्याचं वळण जरा चुकलंय असं आठवलं आणि दोन दिवस ते वळण सरळ केलं, पुन्हा होतं तसं केलं. ऑफिसातल्या मुली म्हणाल्या, सर बरे आहेत ना? शेवटी एक युक्ती सुचली. शेत ना पिवळं, ना निळं. पट्टे. एक पट्टा पिवळा, एक निळा. खाली टीप, "पुढील अभ्यासानंतर ठरवावे." कमिट्यांना पट्टे आवडतात. पट्ट्यांवर कुणाची सही लागत नाही.

तो नकाशा छापून मी घरी आणला. का आणला मला माहीत नाही, एरवी मी कामाचं काही घरी आणत नाही. हिनं तो टेबलावर बघितला. हात पुसून जवळ आली.

"ह्यो काय लुगड्याचा काठ काढलाय?" म्हणाली. "शहापूर काय सुटत न्हाय तुमचं."

मी तिला पट्ट्यांचा अर्थ सांगितला.

"पाणी असं पट्ट्यापट्ट्यानं येतंय व्हय?"

मी म्हणालो, मग तूच सांग. भाऊ तुझा, स्वयंपाकघर तुझं. ती कागदावर वाकली. तिला नकाशा वाचता येत नाही असं ती म्हणते, पण बोट बरोबर सुनेच्या बुडकीवर टेकलं होतं. मग म्हणाली, "मला मधी घेऊ नका. म्हायेर एका अंगाला, चूल एका अंगाला. काम तुमचं हाय, तुम्ही करा." आणि तो कागद घडी करून तिनं पिंपाखाली घातला, ते डुगडुगत होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेल्या गेल्या, खुर्चीवर नीट बसायच्या आधी, अण्णाचं शेत निळं केलं. बसलो असतो तर पुन्हा वळण सरळ करत राहिलो असतो.

दुसरी बैठक त्याच पंचायतीत झाली. साहेबांची बदली अजून झाली नव्हती, याचं त्यांनाही आश्चर्य वाटत असावं. अण्णा त्याच खिडकीत. या वेळी मी तो लाल पेन नेला नाही. नकाशा पाडला आणि चाळीस पानं बाजूला ठेवून दगडाची गोष्ट सांगितली. दगड बुडाला की काय करायचं, हाक कुणी कुणाला मारायची, तीन शेतं मुरमानं भरल्यावर काय झालं. साहेबांनी ती दोनदा सांगायला लावली. डायरीत त्यांनी कन्नडमध्ये "कल्लु", म्हणजे दगड, असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. शेवटी मी म्हणालो की ही जमीन पडीक नाही, मी मागं चुकीचं बोललो. या जमिनीनं पाणी राखलंय. ही निळीच राहायला हवी. आणि जो राखतो त्याला त्याबद्दल दर वर्षी काहीतरी मिळायला हवं, अशी नोंद करावी.

साहेब म्हणाले, नोंद करतो, पण आराखड्यात असा रकाना नाही. कुठं लिहू? क्लार्कनं सुचवलं, 'इतर'मध्ये लिहा साहेब. 'इतर'मध्ये लिहिलं.

तेव्हा खिडकीतनं आवाज आला. मला तो येणार हे माहीत होतं आणि तरीही मी पाणी प्यायला ग्लास उचलला होता.

"आणि पाव्हणं, तुमचं घर कुठल्या रंगात हाय?"

या वेळी कुणी हसलं नाही. क्लार्कनं साहेबांना सांगितलं. साहेब नकाशाकडं बघायला लागले, आणि मीही, जणू काही मला माहीत नव्हतं. नाल्याच्या खाली, दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर, आमची गल्ली छान पिवळी दिसत होती. आधीपासूनची वस्ती आहे, असं म्हणता आलं असतं. नियमात बसत होतं. मी खोटं काही केलं नव्हतं. वरचं शेत निळं करताना नजर खाली घसरली होती, एवढंच, आणि तिथं फार थांबली नव्हती.

मी ग्लास ठेवला आणि गल्लीभोवती रेघ ओढली. रंग निवडला. बटण दाबलं. कॉम्प्युटर अडकला. ते छोटं चक्र फिरायला लागलं आणि अख्खी पंचायत, साहेब, क्लार्क, सगळे ते चक्र बघत बसले. कुणीतरी खोकलं. मला तेवढ्यात वाटून गेलं की फाइल बिघडली तर बरं होईल. मग हळूच गल्ली निळी झाली. माझं घर, शेजारच्यांची घरं, कोपऱ्यावरचं किराणा दुकान. त्या लोकांना अजून माहीत नाही. हे लिहिलेलं त्यांच्यापैकी कुणी वाचणार नाही अशी आशा आहे.

निळ्यात नवं बांधकाम नाही. वरचा मजला हेही नवं बांधकाम. पाण्यापासून वर चढायलाही परवानगी नाही, असा तो नियम आहे. त्याचा मसुदा टाइप करताना मीच व्याकरण सुधारलं होतं.

अण्णानं नकाशा बघितला. मग टोपी डोक्यावर घातली आणि चहा यायच्या आत निघून गेला. साहेब म्हणाले, "आयतु." झालं. आता हे वर जाईल, हरकती मागवतील, पुन्हा बसू. पुन्हा बसताना ते असतील असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. जाताना त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि विचारलं, ते शेत तुमच्या नात्यातलं ना? आणि खालचं घर तुमचं? मी हो म्हणालो. इतक्या ठिकाणी नकाशे करून घेतले, ते म्हणाले, पण नकाशा करणाऱ्यानं स्वतःचं घर निळ्यात घातलेलं पहिल्यांदा बघतोय. मी सांगितलं की साहेब, मलाही आपणहून सुचलं नव्हतं.

परत येताना स्कूटरवर मला एकच गोष्ट मोजता येत होती, की एका दुपारी मी दोन माणसांना अडवलं. भावाला शेतातनं सुटायचं होतं, तो सुटला नाही. बहिणीला पाण्यातनं वर जायचं होतं, ती गेली नाही. आणि आराखडा लागू होईल की नाही हेही कुणाला माहीत नाही. मागचा एक आराखडा आमच्या ऑफिसच्या कपाटात आहे, त्याच्यावर आम्ही कुंडी ठेवतो.

हिला मी दारातच सगळं सांगितलं, चप्पल काढायच्या आधी. आत जाऊन सांगायचा धीर नव्हता. शेत निळं केलं. घर पण निळं केलं. वरचं स्वयंपाकघर होणार नाही. अण्णा चहा न घेता गेला. ही चौकटीला टेकून ऐकत होती. मग आत गेली आणि तिनं फोन लावलेला ऐकू आला. दार लोटलेलं होतं, शब्द कळत नव्हते, नुसता तिचा आवाज, बराच वेळ तिचाच. मी पायरीवर बसलो. आमची पायरी किती खाली आहे ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

ती बाहेर आली तेव्हा हातात शिवणकामाची टेप होती.

"अण्णाला फोन केलता," म्हणाली. "म्हटलं, पाऊस लागायच्या आत दारात बांध घालून दे. तोंड ठेवून, दगड रोवून. ह्यांना काय जमणार न्हाय."

मी विचारलं, येतो म्हणाला का?

टेपचं एक टोक तिनं माझ्या हातात दिलं आणि दुसरं चौकटीला लावलं.

"येतो असं काय म्हणाला न्हाय," ती म्हणाली. "दाराची रुंदी तेवढी इचारली."